दहातून चार गेले, तीन आले

शाळाप्रवेशाचे दिवस आले की बेळगावात, खानापुरात घरोघरच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो: मराठी माध्यमात घातलेली पोरं गणितात मार खातात. कारणंही दिलेली असतात. आकड्यांची नावं उलटी, पाढ्यांची घोकंपट्टी, बीजगणित नुसत्या क्लृप्त्यांचं, आणि पुढे पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, सगळं इंग्रजीत. घरातल्या तिघा पोरांचा गृहपाठ रोज संध्याकाळी माझ्याच गळ्यात असतो, म्हणून लिहितोय.

आधी आकडे. पंचवीस म्हणताना पाच पुढे, वीस मागे. कन्नडात इप्पत्तैदु, म्हणजे वीस पुढे. इथवर बरोबर आहे. माझी पुतणी दुसरीत असताना छत्तीस ऐकून ६३ लिहायची. मग मी 'मूवत्तारु' म्हणायचो, की ती लगेच खोडून ३६ करायची. दोन्ही भाषा कानावर पडणाऱ्या आपल्या पोरांना ही सोय फुकटात आहे. खरं, चौथीपर्यंत ही चूक टिकलेली मी बघितली नाही. जर्मनही पंचवीसला 'पाच आणि वीस'च म्हणतात, त्यांचं गणित काही बुडालं नाही. शिवाय एकोणतीस या शब्दातच तिसातून एक वजा आहे. ४७ मध्ये २९ मिळवायचे? तीस मिळवा, एक काढा. इप्पत्तोंबत्तु हे सांगत नाही.

पाढे मोबाइलमुळे निकामी झाले म्हणे. क्ष² + १७क्ष + ७२ चे अवयव पाडून बघा. गुणाकार ७२ आणि बेरीज १७ येणाऱ्या दोन संख्या हव्यात. 'आठ नव्वे बहात्तर' तोंडात असेल तर (क्ष + ८)(क्ष + ९) समोर दिसतं. मोबाइल हातात असला तरी त्यात काय टाकायचं ते आधी सुचावं लागतं.

बीजगणितात मात्र मेसेजचा आरोप खरा आहे, पत्ता चुकलाय. 'बाजू बदलली की चिन्ह बदलतं' एवढंच शिकलेला पुतण्या ३क्ष + ७ = २२ सोडवत होता. सात पलीकडे नेले, ३क्ष = १५. मग तीनही नेले, चिन्ह बदललं, क्ष = १२! म्हटलं, ताळा कर. तीन बारे छत्तीस, सात मिळवले, त्रेचाळीस. बावीस कुठं गेले? तीन गुणलेले आहेत, ते भागूनच जाणार; दोन्ही बाजूंना ३ ने भाग, क्ष = ५. हीच चूक शेजारच्या इंग्रजी माध्यमातल्या पोराच्या वहीतही सापडली.

पीयूसीला सहगुणकाचा कोएफिशंट होतो, बहुपदीची पॉलिनॉमियल, आणि पहिले काही दिवस पोरं गांगरतात, हे मान्य. वहीच्या मागच्या पानावर दोन रकाने आखून शब्द लिहून काढले की गाडी चालते.

मेसेजच्या शेवटी एक नमुना दिलाय, 'मराठी माध्यमवाल्यांना विचारून बघा': १० − ४ + ३. उत्तर ३, कारण म्हणे बेरीज आधी करायची. हा 'कंचेभागुबेव' (कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी) पाठ करून त्याचा अर्थ न बघितल्याचा परिणाम. बेरीज-वजाबाकीचा मान सारखाच, जे डावीकडे ते आधी, भागाकार-गुणाकाराचंही तसंच. पुतणी आता पाचवीत आहे, तिला दाखवलं. म्हणाली, "काका, दहातले चार खर्चले, मग आईनं तीन दिले, तर नऊ होतात की!"

ग्रुपवर अजून तीनच आहेत.