फोर्स स्टॉप दिल्याने फोन ‘हलको’ होत नाही

परवा बाबा देवगडहून फोनवर मोठ्या कौतुकाने म्हणाले, ‘‘सगळा बंद केलंय. आता फोन कसो हलको झालो!’’ मी कपाळाला हात लावला. म्हणजे तो मेसेज भाऊबंदांच्या ग्रुपवरही पोचला होता. त्यात लिहिलेलं असं: उघडी अ‍ॅप्स बॅटरी खातात, दर तासाला सगळी सरकवून टाका. सेटिंगमध्ये जाऊन एकेकाला ‘फोर्स स्टॉप’ द्या. सोबतच्या लिंकवरून टास्क किलरचं नवं अपडेट घ्या, म्हणजे हे आपोआप होईल. वर फोडणी, की कंपन्या हे मुद्दाम सांगत नाहीत.

सांगत नाहीत? मार्च २०१६ मध्ये एका ग्राहकाने अ‍ॅपलला ई-मेल करून विचारलं होतं, तुम्ही स्वतः अ‍ॅप्स वारंवार बंद करता का, आणि बॅटरीसाठी ते गरजेचं आहे का? कंपनीचे सॉफ्टवेअरप्रमुख क्रेग फेडेरिघी यांचं उत्तर होतं, ‘नाही आणि नाही’. पाठोपाठ तेव्हा गूगलमध्ये अँड्रॉइड सांभाळणाऱ्या हिरोशी लॉकहायमर यांनीही त्याला दुजोरा दिला. बंद केलेलं अ‍ॅप पुन्हा पहिल्यापासून उघडायलाच जास्त काम पडतं. प्रत्येक कलमाचे आंबे काढून झाल्यावर झेला, म्हणजे आंबे उतरवायची जाळीची काठी, मांगरात, म्हणजे बागेतल्या खोपटात, ठेवून यायचा आणि पुढच्या कलमाला परत आणायचा, असं बाबा कधी करतील का?

आता फोर्स स्टॉप. खरा राग याचा आहे. तसं बंद केलेलं अ‍ॅप आपण स्वतः उघडेपर्यंत गप्प पडून राहतं. त्याचे गजर रद्द होतात, सूचना येत नाहीत. बाबांनी यादीत दिसेल त्याला फोर्स स्टॉप दिला, त्यात ‘दामिनी’ही गेलं. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने केलेलं, जवळपास वीज पडण्याचा धोका असला की कळवणारं अ‍ॅप. मे महिना, वळवाचे ढग, हा माणूस दिवसभर कलमांत एकटा, आणि इशारा देणारं अ‍ॅप त्याने आपल्या हाताने झोपवलेलं! क्लॉकचीही तीच गत. संध्याकाळच्या बीपीच्या गोळीचा गजर वाजलाच नाही.

नाइलाजाने एक कबूल करतो. हा सल्ला कधीकाळी खरा होता. २००० सालच्या पॉकेट पीसीवर, म्हणजे त्या हातात मावणाऱ्या, काडीने टोचायच्या कॉम्प्युटरवर, कोपऱ्यातली फुली दाबली तरी प्रोग्राम बंद व्हायचा नाही, नुसता लपायचा. आयपॅकसारख्या यंत्रात मेमरी ३२ एमबी. मग लपलेले प्रोग्राम शोधून बंद करणारी, एकातून दुसऱ्यात नेणारी छोटी साधनं लागायचीच आणि त्यांच्या नव्या अपडेटची लोक वाट बघायचे. आजचा अँड्रॉइड जागा कमी पडली की न लागणारी अ‍ॅप्स स्वतःच काढतो. एखादं अ‍ॅप अडकून बसलं तर ते जरूर बंद करा. तेवढंच.

आणि ते ‘नवं अपडेट’? अँड्रॉइडच्या डेव्हलपरांसाठीच्या माहितीत स्वच्छ लिहिलंय की अँड्रॉइड १४ पासून कुठलंही अ‍ॅप या कामासाठी दिलेल्या आज्ञेने फक्त स्वतःच्याच, पडद्यामागे चालणाऱ्या प्रक्रिया मारू शकतं, दुसऱ्याच्या नाही. बाबांच्या फोनवर १४च आहे. मग किलर मारणार कसा? त्याला अ‍ॅक्सेसिबिलिटीची परवानगी हवी, म्हणजे तुमच्या वतीने पडद्यावरची बटणं दाबता येतात. तीच परवानगी असली की पडद्यावरचं वाचताही येतं, बँकेच्या ओटीपीसकट. असल्या लिंकवरची एपीके फाइल, म्हणजे प्ले स्टोअरबाहेरून आलेलं अ‍ॅप, कोणी टाकलं असेल तर ते आधी काढा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा.

बाबांनी लिंक दाबली होती, पण कलमांत रेंज नव्हती. रेंज नसल्याचा एवढा आनंद मला आयुष्यात झाला नव्हता.

काल पाऊण तास फोनवर बसून दामिनी, क्लॉक, बँक, एकेक अ‍ॅप त्यांना पुन्हा उघडायला लावलं. मेसेज टाकणाऱ्या दादाला ग्रुपवरच लिहिलं, हा काढून टाक. त्याने अंगठा दाखवलाय. मेसेज अजून तिथेच आहे.