‘बेंगाल’ पळाली की लढली?

काल कट्ट्यावर आवाज चढले ते ‘बेंगाल’वरून. रॉयल इंडियन नेव्हीची ही सुरुंग काढणारी छोटी युद्धनौका. सिडनीत बांधलेली, कोरी करकरीत, हिंदुस्थानाकडे निघालेली. सोबत ‘ओंडिना’ हे डच तेलवाहू जहाज. ११ नोव्हेंबर १९४२ रोजी हिंदी महासागरात कोकोस बेटांच्या नैर्ऋत्येला त्यांना दोन जपानी जहाजं आडवी आली, ‘होकोकू मारू’ आणि ‘आयकोकू मारू’.

बापूचं म्हणणं एकच. “अरे, दुसरा मार्गच नव्हता. बेंगालचा वेग पंधरा नॉट, त्यांचा वीसच्या वर. पळून जाणार कुठं? कोपऱ्यात सापडलेला माणूस लढतो, त्याला शौर्य म्हणायचं?”

मला हे पटत नाही, तिथंही मी तेच म्हणालो. मार्ग होता. बेंगालचे प्रमुख लेफ्टनंट कमांडर विल्सन यांनी ओंडिनाला निघून जायला सांगितलं आणि आपली नौका थेट शत्रूवर घातली. समोर दहा हजार टनांची दोन धुडं, प्रत्येकावर १४० मिलिमीटरच्या आठ-आठ तोफा. बेंगाल जेमतेम साडेसहाशे टनांची, मोठी तोफ एकच, तीही बारा पौंडी, म्हणजे बारा पौंड वजनाचा गोळा फेकणारी. खलाशांना हा हिशेब दिसत नव्हता का? तोफेला गोळा पुरवणाऱ्याला तर प्रत्येक फेरीला साठा घटताना दिसत असणार.

“पण होकोकू मारू बुडवली ती ओंडिनाने,” अण्णा मध्येच म्हणाले. ओंडिनावरही एकच तोफ होती, चार इंची, आणि गोळे मोजकेच. नेमका कुणाचा गोळा होकोकूच्या टॉर्पेडोंजवळ बसला, यावर दोन्हीकडचे दावे आहेत. स्फोट झाला, आग भडकली, जहाज बुडालं. माझा कल ओंडिनाकडे आहे, पण त्याने बेंगालचं काही कमी होत नाही. शत्रूच्या तोफा तिने स्वतःवर ओढून घेतल्या नसत्या, तर ओंडिनाला नेम धरायला उसंत कुठून मिळाली असती?

खरा वाद पुढे पेटला. गोळे संपत आले तशी बेंगाल निघून गेली. मागे ओंडिनाचे कप्तान हॉर्समन मारले गेले, माणसं बोटींत उतरली, तर आयकोकूने त्या बोटींवरही मशीनगन चालवली. “सोडून गेली ना शेवटी?” बापू. अण्णा भडकले, “रिकामी तोफ घेऊन थांबली असती तर काय केलं असतं? आणखी एक जहाज बुडालं असतं, एवढंच.” इथे मी पूर्णपणे अण्णांच्या बाजूने.

आयकोकू निघून गेल्यावर ओंडिनाची माणसं जळत्या जहाजावर परत चढली, आग विझवली आणि ते फ्रीमँटलला नेलं. बेंगाल दिएगो गार्सियाला पोचली, एकही माणूस न गमावता.

मग बापूने ठेवणीतला मुद्दा काढला. त्याच ऑगस्टात इथे ‘चले जाव’ सुरू झालेलं, आणि ही पोरं इंग्रजांच्या झेंड्याखाली लढत होती. खरं आहे. पण याच नौदलाच्या खलाशांनी फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईत ‘तलवार’ या नौदलाच्या किनाऱ्यावरच्या तळावरून उठाव केला, हेही खरं. एकाच नौदलातल्या माणसांच्या या दोन गोष्टी मला तरी एकमेकींविरुद्ध वाटत नाहीत. बापूला अजून वाटतात.