एका फोनसाठी घडवलेली किल्ली

‘लपवण्यासारखं काही नसेल तर फोन उघडून द्यायला हरकत काय?’ हा प्रश्न कुणी विचारला की मला सॅन बर्नार्डिनोचं प्रकरण आठवतं.

२ डिसेंबर २०१५. कॅलिफोर्नियातल्या या शहरात १४ माणसं गोळीबारात गेली. हल्लेखोराला नोकरीवर मिळालेला आयफोन ५सी एफबीआय या अमेरिकी तपाससंस्थेच्या हाती लागला, पण लॉक असलेला. १६ फेब्रुवारी २०१६ ला न्यायालयाने चक्क १७८९ सालच्या ऑल रिट्स अ‍ॅक्टचा, म्हणजे न्यायालयांना गरजेचे आदेश काढू देणाऱ्या कायद्याचा, आधार घेऊन अ‍ॅपलला मदतीचा आदेश दिला.

मदत म्हणजे काय, ते नीट बघा. दहा वेळा पासकोड चुकला की डेटा पुसला जाण्याची सोय निकामी करायची. चुकल्यावर थांबायला लावणारा वेळ काढून टाकायचा. आणि पासकोड बोटाने दाबत न बसता मशीनने एकामागून एक टाकता यावेत, असं नवं सॉफ्टवेअर लिहून द्यायचं.

एक पासकोड तपासायला आयफोनला साधारण ८० मिलिसेकंद लागतात. चार आकडी पासकोड एकूण १०,०००. हिशोब करा, जेमतेम १३ मिनिटांत सगळे संपतात! सहा आकडी असला तरी साधारण २२ तास. आपल्या फोनचं कुलूप टिकतं ते त्या दहा संधींच्या आणि सक्तीच्या थांब्याच्या जोरावर, आणि नेमकं तेच काढून मागितलं होतं.

वॉरंटला माझा विरोध नाही. कंपनीकडे जे आहे ते तिने द्यावं. अ‍ॅपलने आयक्लाउडवरचे, म्हणजे तिच्या ऑनलाइन साठवणीतले, या फोनचे जुने बॅकअप दिलेही होते. पण जे अस्तित्वातच नाही, ते स्वतःच्याच ग्राहकांविरुद्ध घडवून द्या, असं कुठल्याही न्यायालयाने सांगू नये. ‘फक्त हा एकच फोन’ हे सरकारचं म्हणणं मला तेव्हाही पटलं नव्हतं. त्याच महिन्यात न्यूयॉर्कमधल्या मॅनहॅटनच्या सरकारी वकिलांकडे असे १७५ आयफोन उघडले जाण्याची वाट बघत पडले होते.

गेलेल्यांच्या घरच्यांपैकी काहीजण सरकारच्या बाजूने उभे राहिले. त्यांना मी चूक म्हणणार नाही. आपलं माणूस का गेलं, हे कळावं असं कुणाला वाटणार नाही?

म्हणूनच एक गोष्ट फार लागते. तो फोन ओळखीच्या वाय-फायवर नेला असता, तर कदाचित त्याने आपोआप नवा बॅकअप घेतला असता. पण हल्ल्यानंतर काही दिवसांतच, एफबीआयच्याच सांगण्यावरून, त्या खात्याचा आयक्लाउड पासवर्ड बदलला गेला होता आणि तो मार्गच बंद झाला.