झाकण्याआधी कोण बघतं?

सोलापुरात नवं घर गळतं की नाही, हे कळायला सप्टेंबर उजाडावा लागतो. जून-जुलैत आमच्याकडं ढग नुसते येऊन जातात, खरा पाऊस परतीचा. माझ्या धाकट्या भावानं जुळे सोलापुरात वरच्या मजल्यावर फ्लॅट घेतला, तीन वर्षांपूर्वीच्या दसऱ्याला वास्तुशांत केली. पुढचे अकरा महिने घर कोरडं होतं. मग सप्टेंबरातल्या एका रात्री बेडरूमच्या छताला तपकिरी डाग उमटला आणि सकाळपर्यंत तो परातीएवढा झाला. भावजयीनं पलंग सरकवून खाली पातेलं ठेवलं आणि त्याचा फोटो आमच्या घरच्या ग्रुपवर टाकला.

त्या फोटोवर जी चर्चा झाली तीच मी वीस वर्षं ऐकत आले आहे. काकांनी लिहिलं, "आपल्याकडं कामच असं. तुझ्या तिकडं असलं खपवून घेतील का?" आत्यानं लिहिलं, "पूर्वीचे गवंडी राहिले नाहीत आता." एका भाच्यानं सगळा दोष मजुरांवर टाकला. भाऊ एवढंच म्हणाला, "ताई, बासष्ट लाख दिलेत गं."

मी इंग्लंडमध्ये लेस्टरला राहते. काकांचा प्रश्न मला होता, म्हणून उत्तर देणं भाग आहे. तिकडंही असलं होतं. आम्ही २०२१ मध्ये इथं अगदी नवं घर घेतलं, आमच्या आधी त्यात कुणी राहिलेलं नव्हतं. घरातल्या चुका शोधून देणारा एक माणूस इथं पैसे देऊन बोलावता येतो, तसा आम्ही बोलावला. त्यानं मागच्या भिंतीच्या दोन विटांमधला माल किल्लीच्या टोकानं खरवडला, तर तो वाळूसारखा भुरुभुरु खाली आला. थंडीत, दंव पडत असताना रचलेली भिंत होती ती. ओला माल गोठला की त्यात ताकद येत नाही. मग त्यानं उष्णता दाखवणारा कॅमेरा छताकडं धरला. एका कोपऱ्यात निळा चौकोन दिसला. पोटमाळ्यावर तिथं ऊब धरून ठेवणारा थर पसरायचाच राहून गेला होता. संध्याकाळपर्यंत त्याच्या यादीत चौऱ्याण्णव गोष्टी झाल्या. बिल्डरच्या माणसांनी त्या दुरुस्त करायला चौदा महिने घेतले, आणि मला दर आठवड्याला पत्र लिहावं लागलं.

आणि आमचं एकट्याचं हे दुखणं नाही. केंब्रिजच्या एका नव्या वसाहतीत पाया सदोष निघाल्यामुळं २०२३ मध्ये ऐंशीहून जास्त घरं पाडायचं ठरलं. २०२४ च्या फेब्रुवारीत इथल्या स्पर्धा नियामकानं घरबांधणीचा अहवाल दिला, त्यात नव्या घरांच्या दर्जाबद्दल स्पष्ट चिंता व्यक्त केली आहे. २०१७ च्या जूनमध्ये लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला आग लागली. इमारतीला बाहेरून चढवलेलं आवरणच पेटणारं होतं. ७२ माणसं गेली. त्यानंतर २०२२ मध्ये कायदा बदलला, आणि सदोष घराबद्दल दाद मागायची मुदत जुन्या घरांसाठी तीस वर्षं व नव्या घरांसाठी पंधरा वर्षं झाली. एवढी माणसं गेल्यावर ही मुदत मिळाली, हे मी इथल्या व्यवस्थेचं कौतुक करताना विसरत नाही.

म्हणजे गोऱ्या माणसाचा हात वेगळा आणि आपल्या माणसाचा वेगळा, असं काही नाही. वीस वर्षं दोन्हीकडची घरं बघून माझं एकच मत झालंय. बांधकामात प्रत्येक चूक पुढच्या कामाखाली झाकली जाते. सळई काँक्रीटमध्ये जाते, काँक्रीट गिलाव्याखाली, पाइप फरशीखाली, फरशीखालची पोकळी पॉलिशखाली आणि सगळंच शेवटी रंगाखाली. तेव्हा प्रश्न एवढाच, की झाकण्याआधी कोण बघतं? आणि त्यानं बघितलं याची नोंद कुठं राहते?

गेल्या जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेच्या वेळी मी सोलापूरला होते. भावानं गच्चीवरचा कोबा, म्हणजे स्लॅबवरचा सिमेंटचा थर, फोडून घ्यायचं ठरवलं होतं. शेळगीकडचा एक मिस्त्री आला, साठीचा, हातात छिन्नी-हातोडा आणि कमरेला ओळंबा. आधी त्यानं घरात सगळीकडं एक रुपयाच्या नाण्यानं फरशी वाजवली. हॉलमध्ये टणटण, बाथरूमच्या दाराशी एकदम बदबद. "मालक, खाली माल पोचलाच नाही. चार कोपऱ्याला चार गोळे लावून फरशी ठेवलीय," तो म्हणाला. मग गच्चीवर कोबा काढला, तर खाली स्लॅबवर केसासारख्या भेगांचं जाळं. पावसाचं पाणी खाली नेणारा पाइप स्लॅबमधून जातो तिथं भोवती बोटभर फट, आणि त्या फटीत कोंबलेला सिमेंटच्या पोत्याचा कागद. त्यानं तो कागद ओढून काढून माझ्या हातात दिला. त्यावरची अक्षरं अजून वाचता येत होती.

भेगा का पडल्या, हे इमारतीच्या वॉचमननं सांगितलं. बांधकामाच्या वेळी तो तिथंच पत्र्याच्या खोलीत राहायचा. स्लॅब मे महिन्यात पडला. दोन दिवस पाणी मारलं, तिसऱ्या दिवशी टँकर आला नाही, आणि कुणी विचारलंही नाही.

सोलापूरचा मे ज्यानं अनुभवलाय त्याला यापुढचं सांगायला नको. पारा त्रेचाळीसवर, वारा कोरडा. लोकांना वाटतं स्लॅब 'वाळतो' आणि वाळून पक्का होतो. होतं उलटं. सिमेंट पाण्याशी मिळूनच घट्ट होतं, ती क्रिया कित्येक दिवस चालते, आणि मधेच पाणी उडून गेलं तर ती अर्ध्यावर थांबते. वरचा थर आकसतो, चिरा जातात. काँक्रीटच्या कामाचे नियम सांगणाऱ्या भारतीय मानक ४५६ मध्ये स्वच्छ लिहिलंय की उष्ण, कोरड्या हवेत काँक्रीट किमान दहा दिवस ओलं ठेवायचं, आणि राख मिसळलेलं सिमेंट असेल तर चौदा दिवस ठेवावं. दुकानात आज मिळणारं बहुतेक सिमेंट राख मिसळलेलंच असतं. म्हणजे चौदा दिवस. उजनी धरणाचं पाणी जिथं वर्षानुवर्षं काही दिवसांआड नळाला येत आलंय त्या गावात चौदा दिवस स्लॅबवर पाणी उभं ठेवायला पैसा लागतो, टँकर लागतो आणि माणूस लागतो. बिल्डरच्या हिशोबात वाचवायला सगळ्यात सोपी जागा हीच. सळई कमी घातली तर कधीतरी सापडेल. न मारलेलं पाणी कसं सापडणार?

बोअरचं पाणी हा दुसरा मुद्दा. आमच्याकडच्या कित्येक बोअरचं पाणी खारट. तेच मालात, तेच भिंतीवर, आणि मग वर्षाच्या आत गिलाव्याला लोणा लागतो, रंगाचे पोपडे निघतात. लोक रंगाऱ्याला शिव्या देतात.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, गिरणीत होते. आमचं जुनं घर माळवदाचं. जाड दगडी भिंती, वर लाकूड, त्यावर पांढरी माती. दर पावसाळ्याआधी माळवदावर नवी माती पसरून चोपायची, ती राहिली तर घर गळायचं. मग ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. सोलापुरात आम्ही अंगणात धावत आलो. तिकडं मात्र दगड-मातीच्या जड भिंती आणि जड छतं झोपलेल्या माणसांवर आली, हजारो माणसं गेली. त्या वर्षापासून आमच्या भागात कुणालाच माळवद नको झालं. अण्णांनी पुढच्याच वर्षी कर्ज काढून दोन खोल्यांचं आरसीसीचं घर बांधलं.

तो स्लॅब मला आठवतो. मी शाळेत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांनी गवंड्याकडून स्लॅबवर मालाची छोटी छोटी आळी करून घेतली, शेतात वाफे करतात तशी, आणि त्यात पाणी भरलं. नळाला पाणी नव्हतं. गिरणीची पाळी संपवून ते सायकलवरून कॅन आणायचे, मी आणि भाऊ जिन्यावरून बादल्या वर द्यायचो. दुपारी आळ्यातलं पाणी गरम लागायचं. पंधरा दिवस हे चाललं. अण्णांना मानक क्रमांक माहीत नव्हता. गवंडी म्हणाला होता, "पाणी तुम्ही बघा, बाकी मी बघतो," एवढंच. तीस वर्षं झाली, त्या छतातून अजून थेंब आलेला नाही.

आत्याचं म्हणणं इथंच मला पटत नाही. गवंडी बदलला नाही, त्याची मजुरी ठरवायची पद्धत बदलली. पूर्वी रोजावर काम असायचं आणि मालक समोर उभा असायचा. आता गिलावा, फरशी, वीटकाम सगळं चौरस फुटावर. दिवसाला जितकी फरशी बसेल तितके पैसे. फरशीखाली माल पूर्ण पसरायला वेळ लागतो, चार गोळे लावायला लागत नाही, आणि दर दोन्हीला सारखाच. जो माणूस नीट करेल त्याचं त्या दिवशीचं नुकसान. शेळगीचा तो मिस्त्री मला म्हणाला, "ताई, मला बी चांगलं करायला येतं. पण चांगल्याचा दर कोण देतंय?" मजुराला शिव्या देणाऱ्या माझ्या भाच्यानं हे वाक्य ऐकायला हवं होतं.

आता हक्काचं. आपल्याकडं कायदाच नाही, असं ग्रुपवर दोघांनी लिहिलं. ते खरं नाही. रेरा हा घर घेणाऱ्यांच्या हक्कांचा कायदा २०१६ चा, महाराष्ट्रात तो राबवणारं महारेरा १ मे २०१७ पासून काम करतंय. त्याच्या कलम १४(३) मध्ये म्हटलंय की ताबा दिल्यापासून पाच वर्षांत इमारतीच्या बांधणीत, कारागिरीत किंवा दर्जात दोष दाखवून दिला, तर बिल्डरनं तीस दिवसांत, जादा पैसे न घेता तो दुरुस्त करायचा. नाही केला तर ग्राहकाला भरपाई मागता येते. कारागिरी हा शब्द तिथं आहे, म्हणजे बदबद वाजणारी फरशीही त्यात येते. इंग्लंडमध्ये सर्रास मिळणाऱ्या दहा वर्षांच्या हमीतही बिल्डरनं स्वतः येऊन सगळं दुरुस्त करायची जबाबदारी पहिली दोनच वर्षं असते, पुढं विमा, आणि तोही मुख्यतः मोठ्या दोषांसाठी. या एका बाबतीत आपला कायदा इथल्या हमीपेक्षा कडक आहे.

फरक पडतो तो पुढं. इथं माझ्या हातात यादी होती, तारखा होत्या, फोटो होते, कारण घर घेताना यादी करायचीच अशी इथली रीत आहे. भावाच्या हातात वास्तुशांतीचे फोटो होते. ताब्याच्या दिवशी बिल्डरच्या ऑफिसात पेढे झाले, किल्ली मिळाली आणि 'सर्व काम समाधानकारक' या ओळीखाली त्यानं सही केली. गळती लागल्यावर त्यानं फोन केले, वीस-पंचवीस. फोनची नोंद कुणाकडंच नाही. आम्ही जानेवारीत बसून दोषांची यादी केली, प्रत्येकाचा फोटो, तो कागदाचा बोळासुद्धा, आणि रजिस्टर पोस्टानं नोटीस पाठवली. सतराव्या दिवशी बिल्डरचा इंजिनिअर गच्चीवर उभा होता. काम अजून पुरतं झालेलं नाही, पण पाइपाभोवतालची फट बुजली आणि वॉटरप्रूफिंग नव्यानं केलं.

ज्यांच्यासाठी हे कलम नाही त्यांची मला जास्त काळजी वाटते. भूखंड ५०० चौरस मीटरपर्यंतचा असेल किंवा घरं आठपर्यंतच असतील, तर त्या प्रकल्पाला रेराची नोंदणी लागत नाही. सोलापुरात अशा सहा-आठ फ्लॅटच्या इमारती गल्लोगल्ली आहेत. आणि स्वतःच्या जागेवर ठेकेदाराकडून घर बांधून घेणारा तर रेराच्या बाहेरच. त्याला ग्राहक आयोग आहे, घरबांधणी ही ग्राहक कायद्यात सेवा धरली आहे, पण तिथं म्हणणं सिद्ध करायला लेखी करार हाताशी असलेला बरा. आमच्याकडं करार म्हणजे वहीच्या पानावर लिहिलेला चौरस फुटाचा दर. त्यात पाणी किती दिवस मारायचं हे नसतं, काँक्रीटचे नमुन्याचे ठोकळे, म्हणजे क्यूब, काढून तपासायचे हे नसतं, बाथरूममध्ये फरशी बसवायच्या आधी पाणी भरून दोन दिवस ठेवून बघायचं हे नसतं. काळ्या मातीतून खाली मुरूम लागेपर्यंत पाया खणायचा, हेही कित्येकदा तोंडीच ठरलेलं असतं. ती माती पावसात फुगते, उन्हात आकसते, आणि तिच्यावर टेकलेली भिंत तिच्याबरोबर हलते.

घर बांधणारा माणूस वास्तुशांतीच्या जेवणाला दोनशे माणसं बोलावतो, दारं सागवानी घेतो, मोड्युलर किचनला चार लाख घालतो. पण स्वतःचा इंजिनिअर नेमून त्याला पाया, सळई, स्लॅब आणि वॉटरप्रूफिंग, अशा चार वेळा साइटवर बोलावून सही घ्यायची म्हटली की त्याला ते उधळपट्टी वाटते. हे मला फार लागतं. माझ्या लोकांनी आयुष्याची कमाई घातलेली असते त्यात, आणि नेमकी तीच चार कामं कायमची झाकली जाणार असतात.

माझ्या आतेभावाचं घर अक्कलकोट रोडला चाललंय, ठेकेदाराकडून, चौरस फुटावर. येत्या मंगळवारी स्लॅब आहे, तोही एप्रिलात. ग्रुपवरच्या वादानंतर त्यानं मला वेगळा फोन केला, "ताई, काय काय बघू?" आम्ही तासभर बोललो. सळईखाली खडीचे तुकडे सरकवलेले होते, ते काढून कव्हर ब्लॉक, म्हणजे सळई तळाला टेकू नये म्हणून ठेवायचे ठोकळे, लावायला त्यानं सांगितलंय. ओतताना माल घट्ट वाटला म्हणून पाइपनं पाणी सोडू द्यायचं नाही, हे ठेकेदाराशी बोलून झालंय. ओळखीचा एक इंजिनिअर रविवारी सळई बघायला येतोय, फी घेऊन. टँकर चौदा दिवसांचा सांगितलाय, अर्धे पैसे आगाऊ दिलेत. आणि आत्या, जिचं म्हणणं पूर्वीचे गवंडी राहिले नाहीत असं होतं, ती म्हणाली, आळ्यातलं पाणी सकाळ-संध्याकाळ मी बघेन, मला जिना चढता येतो अजून.