व्हॉल्व्हमध्ये लाल पारा नसतो हो, आधी ती पक्कड खाली ठेवा

गेल्या महिन्यात सकाळी सकाळी मामाचा फोन. "अरे तो माळ्यावरचा आजोबांचा अँप्लिफायर आहे ना, त्यातला एक व्हॉल्व्ह काढताना फुटला रे, उरलेल्या तिघांचे किती येतील?" व्हॉल्व्ह म्हणजे ट्रान्झिस्टर यायच्या आधी सेटमध्ये असायची ती हवा काढलेली काचेची नळी. मला आधी कळेचना काय येतील. मग त्याने तो मेसेज पाठवला, तुमच्याकडेही एव्हाना कुठल्यातरी ग्रुपवर आला असेलच.

मेसेजचा मतलब असा. जुन्या व्हॉल्व्ह रेडिओत आणि अँप्लिफायरमध्ये 'रेड मर्क्युरी' म्हणजे लाल पारा असतो, एका व्हॉल्व्हचे लाखो रुपये मिळतात. काचेवर आतून चंदेरी डाग असेल तर माल अस्सल. लाल रंगाचा व्हॉल्व्ह असेल तर दुप्पट. आरशात दिसत नाही, लसूण जवळ नेला की लांब पळतो, सोनं नेलं की जवळ येतो. सेट चालू करून बघा, जितका लाल तितकी किंमत जास्त. शेवटी एक नंबर, कंपनीचा माणूस घरी येऊन घेऊन जाईल.

मी गेली काही वर्षं घरी हे जुने सेट दुरुस्त करतो, शौक म्हणून, बायकोच्या भाषेत अडगळ म्हणून. त्यामुळे एकेक घेतो.

आधी तो चंदेरी डाग. त्याला गेटर म्हणतात आणि तो बेरियम धातूचा असतो, पाऱ्याचा नाही. कारखान्यात व्हॉल्व्हमधली हवा काढून काच सील केली की आतली एक छोटी रिंग बाहेरूनच कॉइलने तापवतात, तिच्यातलं बेरियम उडून काचेला आतून चिकटतं आणि मग आयुष्यभर आत उरलेला किंवा सुटणारा गॅस खात बसतं, एवढंच त्याचं काम. काचेला तडा जाऊन हवा आत गेली की हाच डाग पांढरा पडतो. मामाकडे गेलो तेव्हा फुटलेला व्हॉल्व्ह त्याने वर्तमानपत्रात गुंडाळून देवाच्या कपाटात ठेवलेला. उघडून बघितला तर डाग पांढराफटक, रांगोळी सांडल्यासारखा, बोटाला भुकटी. म्हणलं मामा, पारा असा हवा लागून पांढरी पावडर होतो का? तो म्हणाला लाल पारा वेगळा असेल.

बरं, पाऱ्याचे व्हॉल्व्ह असतात, नाही असं नाही. ८६६ नावाचा मर्क्युरी व्हेपर रेक्टिफायर, म्हणजे एसीचं डीसी करणारा पाऱ्याच्या वाफेचा व्हॉल्व्ह, ट्रान्समीटरमध्ये वापरायचे, त्याच्यात पारा चंदेरी थेंबच असतो आणि चालू असताना उजेड निळसर पडतो, लाल नाही. घरच्या रेडिओत तो सापडायचा नाही. आणि पाराच हवा असेल तर तुमच्या स्वयंपाकघरातल्या जुन्या ट्यूबलाइटमध्ये काही मिलिग्रॅम आहे की, ती घ्यायला कोणी लाख रुपये घेऊन दारात उभं राहिलंय का? पाऱ्याची लाल संयुगं म्हणाल तर हिंगूळ आहेच, तो शतकानुशतकं रंगात वापरला जातोय, त्यात गूढ काही नाही.

लाल व्हॉल्व्हची गोष्ट मात्र मजेशीर आहे. फिलिप्सने १९३० च्या दशकात मिनिवॅट या नावाने काही व्हॉल्व्ह काढले, ईएफ ९, ईबीएल १ वगैरे, त्यांच्या काचेवर शिल्डिंगसाठी, म्हणजे बाहेरची खरखर अडवायला, धातूचा थर आणि त्यावर लाल रंग. म्हणजे लाल आहे तो पेंट! नखाने खरवडला तर निघतो. जुन्या बाजारात मागे एका रविवारी असला एक व्हॉल्व्ह दिसला, विक्रेत्याने पन्नास हजार सांगितले, शेजारी त्याचाच रेडिओ पडलेला, सॉकेट रिकामी, डायलची काच फुटलेली. रेडिओ कितीला विचारलं तर म्हणे घेऊन जा दोनशेला. उलटा धंदा.

लसूण, आरसा आणि सोन्याबद्दल फार लिहीत नाही. आरशात न दिसणारी वस्तू आपल्या डोळ्यांना तरी कशी दिसेल, एवढा विचार केला तरी पुरे. हे खूळ फक्त आपल्याकडचंही नाही, २००९ मध्ये सौदी अरेबियात हाच लाल पारा सिंगरच्या शिलाई मशीनमध्ये आहे म्हणून लोकांनी आजीच्या काळातली मशिनं भलत्या किमतीला घेतली होती. अणुबॉम्बला लागतो ही जी जोडकथा आहे तीही फुसकी, असा पदार्थच नाही असं आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने स्पष्ट सांगितलंय.

आता खरा राग ज्याचा येतो तो मुद्दा, "सेट चालू करून बघा, जितका लाल तितकी किंमत". हे वाचून माझ्या पोटात गोळाच आला. व्हॉल्व्हमध्ये मधोमध जो नारिंगी उजेड दिसतो तो हीटरचा, तो चांगला. पण बाहेरची राखाडी प्लेट लाल व्हायला लागली तर सेट मरायला लागलाय. हीटरने तापलेल्या कॅथोडमधून निघालेले इलेक्ट्रॉन बाहेरच्या प्लेटकडे जातात आणि मधली ग्रिड नळाच्या तोटीसारखी ते अडवते, जितकी निगेटिव्ह तितका करंट कमी. मामाच्या सेटमध्ये स्पीकर चालवायला ईएल ८४ ची जोडी आहे, एक ईसीसी ८३ आणि रेक्टिफायरला ईझेड ८१. ईएल ८४ ला प्लेटवर २५० व्होल्ट दिले तर ग्रिड कॅथोडपेक्षा साधारण ७.३ व्होल्ट निगेटिव्ह लागते, मग ४८ मिलिअँपिअर वाहतात, म्हणजे बरोबर १२ वॅट, तीच त्याची मर्यादा. आता ग्रिडला सिग्नल देणारा जुना कागदी कपॅसिटर इतक्या वर्षांत गळायला, म्हणजे करंट झिरपू द्यायला लागलेला असतो. फक्त १० मायक्रोअँपिअर गळाले आणि ग्रिडचा रेझिस्टर ४७० किलोओहमचा असला तरी ४.७ व्होल्ट पॉझिटिव्ह येतात आणि तेवढं निगेटिव्ह खाऊन टाकतात. कॅथोडचा रेझिस्टर थोडं सावरून घेतो, पण किती सावरणार, करंट वाढून प्लेट लाल होते, मागोमाग आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो, आणि व्हॉल्व्ह मिळतो पण तो ट्रान्सफॉर्मर परत भरून घ्यायचा म्हणजे माणूस शोधण्यापासून सुरुवात.

म्हणून वर्षानुवर्षं बंद असलेला सेट थेट प्लगला लावायचाच नाही. पुण्यात तपकीर गल्लीच्या इलेक्ट्रिकच्या बाजारातून एक होल्डर, एक सॉकेट आणि वायर आणा, सेटच्या सिरीजमध्ये ६० वॅटचा पिवळा फिलामेंटचा बल्ब लावा, एलईडी चालत नाही. बल्ब लखलखीत पेटून तसाच राहिला तर आत शॉर्ट आहे, बंद करा. मागे व्होल्टेजचं टॅपिंग, म्हणजे सेट किती व्होल्टच्या लाइनवर चालवायचा ते निवडायची सोय, असेल तर तेही बघा, मामाचं २२० वर होतं आणि त्याच्या घरी मीटरवर २४५ आले, म्हणजे ६.३ चा हीटर सातवर चाललेला. आणि सेट चालू करून बंद केल्यावर लगेच व्हॉल्व्ह उपटू नका. काही सेटमध्ये कपॅसिटर रिकामा व्हायला व्हॉल्व्ह हाच रस्ता असतो, तोच काढला तर सुमारे ३०० व्होल्ट आत तसेच बसून राहतात आणि तुमच्या हातात पक्कड.

आता लाखो रुपये. अहो, ईएल ८४ आजही स्लोव्हाकियात जेजे कंपनी नवा बनवते, एक-दोन हजारांच्या घरात मिळतो. आपल्या बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सनेही एके काळी हेच व्हॉल्व्ह बनवले. लाखोंचा माल आत भरून इतक्या स्वस्तात कोण विकेल? जुन्यापैकी न वापरलेला म्युलार्ड या ब्रिटिश कंपनीचा ईसीसी ८३ असेल तर हौशी लोक हजारांत पैसे देतात, ते आवाजासाठी आणि नावासाठी.

आणि तो घरी येणारा कंपनीचा माणूस येतच नाही. मामाने फोन केला होता. आधी 'टेस्टिंगचे' अडीच हजार ऑनलाइन टाका म्हणे. मामा पुण्याचा असल्यामुळे "तुमच्या कमिशनातून कापून घ्या की" म्हणाला, तिकडून फोन कट. पैसे वाचले, व्हॉल्व्ह गेला.

मी तो अँप्लिफायर घरी आणलाय. कपलिंगचे, म्हणजे ते ग्रिडला सिग्नल देणारे, दोन्ही कपॅसिटर आणि फिल्टरचा बदलला, टॅपिंग २४५ वर घेतलं, सिरीजमधला बल्ब आता नीट मंद होतो. वाड्यातल्या गणपतीत या अँप्लिफायरवरच आजोबा रेकॉर्डी लावायचे, त्यांच्या अक्षरात मागे खडूने 'स्पीकर' लिहिलंय ते पुसलेलं नाही. एक ईएल ८४ तेवढा कमी आहे. ज्यांनी लाल पाऱ्यासाठी काढून कपाटात ठेवलेत त्यांनी सांगा, रास्त पैसे देतो, फक्त डाग चंदेरी हवा.