पाइप कसा फुटावा

घराचा विमा काढलात? छान. आता पॉलिसी वाचायच्या भानगडीत पडू नका. पहिल्या पानावरचं हसरं कुटुंब पाहून घ्या आणि फाइल कपाटात टाका. मागचा बारीक मजकूर ओल्या गादीवर बसून वाचण्यासाठीच छापलेला असतो.

प्रीमियम जड वाटतोय? ‘ऐच्छिक एक्सेस’च्या रकान्यात दणदणीत आकडा टाका, लगेच उतरेल. एक्सेस म्हणजे दर क्लेमला आधी तुमच्या खिशातून जाणारी रक्कम. सक्तीची असतेच, ऐच्छिक तिच्यावर चढते. सक्तीची १,०००, ऐच्छिक ४,००० आणि नुकसान ४,८००चं, म्हणजे क्लेमचा फॉर्म भरायचे कष्टसुद्धा वाचले.

पाइप मात्र रीतसर फुटला पाहिजे. ‘अचानक’ फुटावा, दणका ऐकू आला तर सोन्याहून पिवळं. भिंतीच्या पोटात महिनोन्‌महिने थेंब थेंब झिरपला, तर ती ‘हळूहळू झालेली हानी’, आणि ती बहुतेक पॉलिसींत वगळलेली. सर्व्हेअर येतो. चहा नको म्हणतो. भिंतीवरच्या पिवळट डागाला एकात एक तीन कडा असतात. झाडाचं वय मोजावं तशा त्या बोटाने मोजतो. मग नखाने एक पोपडा उचलून खालची काळी बुरशी बघतो, फोटो काढतो आणि “कधीपासून आहे हे?” असं अगदी मायेने विचारतो. तुम्ही भाबडेपणाने “अहो, पावसाळ्यापासून!” म्हणता, तिथेच क्लेम आटोपतो. बरं, पाइप अचानक फुटला तरी पैसे सहसा भिजलेल्या सामानाचे. ज्याने हे सगळं केलं, त्या गंजक्या पाइपचा दवाखाना तुमच्याकडेच.

लांबच्या प्रवासाला खुशाल जा. घर सलग ३० किंवा ६० दिवस रिकामं राहिलं, की बऱ्याच पॉलिसींत चोरीचं संरक्षण थांबतं. दार उघडं राहिलंच, तर चोराला निदान कडी तरी तोडायला सांगा; जबरदस्तीने घुसल्याची खूण लागते.

आणि हो, विम्याची रक्कम कमीच लिहा. पुन्हा बांधायला १०० लागणारं घर ६०ला उतरवा. २०चं नुकसान झालं तर २० कुठे जातात, असं वाटतं ना? पॉलिसीत सरासरीचं कलम असेल, म्हणजे घर जितकं कमी उतरवलं तितक्याच प्रमाणात भरपाई कमी, तर २०चे १२ होतात, त्यातून एक्सेस वजा.

एजंट “सगळं कव्हर आहे” म्हणाला होता, ते खोटं नव्हतं. ‘सगळं’ची व्याख्या मागच्या पानांवर आहे. ‘पूर’चीही तिथेच आहे, ती सापडेपर्यंत पाणी ओसरतं.