कपाटाची किल्ली : एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

‘फुकटात निवाडे कसे शोधावेत’ या माझ्या लेखावरील आपली प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. तीत आपले नाव नाही, वकिलीची अडतीस वर्षे मात्र आवर्जून आहेत. तेव्हा ज्येष्ठतेचा मान राखूनच लिहितो. ज्यांनी तो लेख वाचला नसेल त्यांच्यासाठी एवढेच सांगतो की, विधी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांना आणि तालुक्याच्या न्यायालयात नव्याने उभे राहणाऱ्या वकिलांना पदरचा पैसा न घालता कायद्याचा मजकूर, निवाडे आणि प्रकरणाची सद्यःस्थिती कोठे पाहता येते, याची माहिती त्यात होती. आपले आक्षेप चार आहेत : इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्यावयाच्या कलम 63 च्या प्रमाणपत्राविषयी मी अर्धवट लिहिले, फुकट संकेतस्थळावर निवाडा पुढे ओव्हररूल झाला (म्हणजे नंतरच्या निवाड्याने चुकीचा ठरवला) की नाही हे नवख्याला कळत नाही, असे लेखन ही छुपी जाहिरात आहे, आणि ‘ज्याच्याकडे स्वतःचे पुस्तकांचे कपाट नाही, त्याने दुसऱ्याला संशोधन शिकवू नये.’

पहिला आक्षेप मान्य आहे. भारतीय साक्ष्य अधिनियम 1 जुलै 2024 पासून लागू झाला, आणि जुन्या पुरावा कायद्याच्या कलम 65-ब खालचे प्रमाणपत्र आता कलम 63 खाली द्यावे लागते, एवढेच लिहून मी पुढे गेलो होतो. नव्या कायद्याच्या अनुसूचीतील नमुन्याचे दोन भाग आहेत, भाग ‘अ’ पक्षकाराने आणि भाग ‘ब’ तज्ज्ञाने भरायचा आहे, शिवाय हॅश मूल्य, म्हणजे त्या इलेक्ट्रॉनिक नोंदीची सांकेतिक ओळखखूण, हेही नमूद करायचे आहे, हे सांगायचे राहिले. चूक दाखवल्याबद्दल आभार. मात्र ती दाखवताना ‘अर्ध्या हळकुंडाने पिवळे झालेले लेखक’ म्हणण्याचे प्रयोजन मला कळले नाही. न्यायालयात समोरच्या वकिलाची चूक दाखवताना आपण त्यांना ‘माझे विद्वान मित्र’ म्हणतो. लेखी भाषेत तेवढेही सौजन्य उरू नये काय?

आता कपाटाविषयी. मला 2006 साली सनद मिळाली. सोलापूर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी ज्या ज्येष्ठांच्या हाताखाली मी काम सुरू केले, त्यांच्याकडे कपाट होते. ऑल इंडिया रिपोर्टर आणि महाराष्ट्र लॉ जर्नल या निवाडे छापणाऱ्या नियतकालिकांचे बांधीव खंड काचेच्या दाराआड वर्षवार लावलेले होते, आणि किल्ली साहेबांच्या कोटाच्या आतल्या खिशात असे. साहेब उच्च न्यायालयाच्या कामासाठी मुंबईला गेले की किल्लीही मुंबईला जात असे. ज्युनियरने दुपारी चारनंतर, साहेबांसमोर बसून, एका वेळी एक खंड पाहावा, असा शिरस्ता होता. निवाडा उतरवून घ्यायचा तर फुलस्केप कागदावर हाताने. यात त्यांचा द्वेष नव्हता. पुस्तके महाग होती आणि मागून नेलेली परत येत नसत, हेही मी पाहिले आहे. परंतु कपाट असणे आणि संशोधन येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी त्या काचेबाहेर उभा राहूनच शिकलो.

याच काळातला प्रसंग. बांधावरील वहिवाटीच्या रस्त्याचा दावा होता आणि तूर्तातूर्त मनाईच्या अर्जावर युक्तिवाद चालू होता. समोरच्या ज्येष्ठ वकिलांनी डायजेस्टमधील, म्हणजे निवाड्यांच्या सारसंग्रहातील, शीर्षटिपणी (निवाड्याच्या वर छापलेला सारांश) मोठ्याने वाचली. न्यायाधीशांनी शांतपणे विचारले, ‘वकीलसाहेब, हे निवाड्याच्या कोणत्या परिच्छेदात आहे?’ मूळ खंड ग्रंथालयातून मागवण्यात आला. पाने चाळता चाळता असे आढळले की, टिपणीत न्यायालयाचे मत म्हणून छापलेले वाक्य प्रत्यक्षात एका पक्षाच्या वकिलाचा युक्तिवाद होता आणि न्यायालयाने तो पुढच्याच परिच्छेदात नाकारला होता. त्या गृहस्थांकडे, महोदय, दोन कपाटे होती.

इंडियन कानून हे निवाडे विनामूल्य दाखवणारे संकेतस्थळ 2008 साली सुशांत सिन्हा या संगणक अभियंत्याने सुरू केले. पुढच्या वर्षी एस. टी. स्टँडसमोरच्या सायबर कॅफेत मी त्यावर पहिला निवाडा पाहिला. तो शीर्षटिपणीविना, संपूर्ण, पहिल्या ओळीपासून शेवटच्या आदेशापर्यंत होता. छापील प्रत घेण्याइतके पैसे खिशात नव्हते, म्हणून परिच्छेदांचे क्रमांक तेवढे तळहातावर लिहून आणले. आपल्याला हे हास्यास्पद वाटेल. परंतु शीर्षटिपणी नसल्यामुळे सबंध निवाडा वाचावा लागतो, आणि त्या सक्तीनेच मला निवाडा वाचायला शिकवले. जानेवारी 2023 पासून सर्वोच्च न्यायालयाने ई-एससीआर हा आपल्या निवाड्यांचा ऑनलाइन संग्रह सर्वांसाठी विनामूल्य खुला केला. तेथे न्यायालयाच्या स्वतःच्या अहवालातील मजकूर मिळतो, तोही शीर्षटिपणीसह. म्हणजे ज्या गोष्टीसाठी आपण कपाट मागता, ती आज करमाळ्यासारख्या तालुक्यातल्या विद्यार्थिनीच्या फोनवर आहे. अडचण नेमकी हीच असेल तर तसे स्पष्ट म्हणावे.

छुप्या जाहिरातीच्या आरोपाबाबत मला अधिक कठोर व्हावे लागेल, कारण तो माझ्या सनदेवर आहे. बार कौन्सिल ऑफ इंडिया या वकिलांच्या शिखर संस्थेच्या नियम 36 नुसार वकिलाला काम मागता येत नाही व जाहिरात करता येत नाही, हे मला आपल्याकडून शिकायचे नाही. त्याच नियमात 2008 साली दुरुस्ती होऊन नाव, पत्ता, दूरध्वनी, ई-मेल, नोंदणीचा तपशील, शैक्षणिक पात्रता आणि कामाचे क्षेत्र एवढी माहिती स्वतःच्या संकेतस्थळावर देण्यास मुभा मिळाली. मी तेवढीही दिलेली नाही. माझ्या लेखाखाली दूरध्वनी क्रमांक नाही, कोट-बँड घातलेले छायाचित्र नाही, ‘जामिनासाठी संपर्क साधा’ नाही. मद्रास उच्च न्यायालयाने जुलै 2024 मध्ये ज्यांना फटकारले, ती वकिलांची कामे बाजारासारखी मांडणारी संकेतस्थळे होती. सीएनआर क्रमांक, म्हणजे न्यायालयातील प्रत्येक प्रकरणाला मिळणारा ओळख क्रमांक, काय असतो हे समजावून सांगणारा लेख त्यात बसतो, असे म्हणणारा निवाडा आपल्या कपाटात असल्यास अवश्य दाखवावा. तो सोळा अंकाक्षरांचा क्रमांक एकदा पक्षकाराला लिहून दिला की, पुण्याला कामाला असलेला त्याचा मुलगा पुढची तारीख आणि रोजनामा (त्या दिवशीच्या कामकाजाची नोंद) ऑनलाइन स्वतः पाहू शकतो. त्यासाठी त्याला वकिलाला फोन करावा लागत नाही, आणि ‘तारीख बघून सांगतो’ म्हणून कोणाला शंभर रुपयेही मोजावे लागत नाहीत. एवढ्याने माझ्याकडे पक्षकार कसे येतात हे आपणच सांगावे; माझ्या अनुभवात त्यांचे फोन कमी झाले आहेत.

ओव्हररूलचा मुद्दा उरतो. आपण उदाहरण दिलेत की, इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रमाणपत्राविषयीचा शफी मोहम्मद हा 2018 चा निवाडा एखादा विद्यार्थी आजही बिनदिक्कत दाखवील, कारण अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या जालन्याच्या निवडणूक प्रकरणात 2020 साली तो ओव्हररूल झाला, हे फुकट पानावर ठळकपणे लिहिलेले नसते. पुढे कोणत्या निवाड्यांनी त्याचा उल्लेख केला, याची यादी इंडियन कानूनच्या पानावर मिळते. ती उघडून वाचावी. ज्याला ते जमत नाही त्याला पैसे भरूनही जमणार नाही. यावर अधिक लिहिण्यासारखे मला काही दिसत नाही.

भाग ‘ब’ची दुरुस्ती आज रात्री मूळ लेखात करतो आहे. ‘एका ज्येष्ठ विधिज्ञांनी लक्षात आणून दिले’ असे तेथे लिहीन. तुम्ही नाव कळवलेत तर नावासह.